विश्लेषण : मालक बदलले की क्लब वाचतो? मुंबई सिटीच्या चाहत्यांनी ब्लॅकबर्नकडून काय शिकावे?

मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या ‘सिटी फुटबॉल ग्रुप’ने डिसेंबर २०२५ मध्ये मुंबई सिटी एफसीमधील आपला सारा हिस्सा सोडला आणि क्लब पुन्हा संस्थापक मालकांच्या हाती आला. त्याच काळात भारतीय फुटबॉलच्या नव्या घटनेत ‘रेलिगेशन’ म्हणजेच खालच्या श्रेणीत घसरण हे तत्त्वही आले. विरार, नालासोपारा, वसईहून लोकल पकडून अंधेरीला सामने पाहायला जाणाऱ्या चाहत्यांसाठी या दोन गोष्टी एकत्र येणे महत्त्वाचे आहे. मालक खेळाडूंवर पैसा लावणार का? आणि लावला तर क्लब सुरक्षित राहतो का? याचे एक उत्तर पुण्याच्या उद्योगसमूहाने विकत घेतलेल्या इंग्लंडमधील एका क्लबच्या इतिहासात सापडते.

मुंबई सिटीत नेमके काय बदलले?

मुंबई सिटी एफसीची स्थापना २०१४ मध्ये, इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) पहिल्या हंगामापूर्वी झाली. अभिनेता रणबीर कपूर आणि चार्टर्ड अकाउंटंट बिमल पारेख हे सुरुवातीपासूनचे मालक. नोव्हेंबर २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने ६५ टक्के हिस्सा घेतला. त्यानंतरचा बदल मोठा होता. २०१९-२० मध्ये पाचव्या क्रमांकावर असलेला संघ पुढच्याच हंगामात साखळीतील अव्वल क्रमांक आणि अंतिम विजेतेपद असे दोन्ही मान एकाच वेळी मिळवून गेला. २०२२-२३ मध्ये पुन्हा साखळीत अव्वल, २०२३-२४ मध्ये पुन्हा अंतिम विजेतेपद. एप्रिल २०२२ मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असे हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा हा पहिला भारतीय क्लब ठरला.

हे यश केवळ परदेशी नावांमुळे आले नव्हते. २०२० मध्ये प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा एफसी गोवाकडून मुंबईत आले आणि त्यांच्यासोबत ह्युगो बुमूस, अहमद जाहू, मुर्तदा फॉल आणि गोव्याचा मंदार राव देसाई असे त्यांची पद्धत माहीत असलेले खेळाडूही आले. म्हणजे पैसा होताच, पण तो एका ठरलेल्या खेळपद्धतीसाठी खर्च झाला. पुढे मालकांविषयी बोलताना हा फरक लक्षात ठेवावा लागेल.

सिटी ग्रुप बाहेर का पडला?

समूहाने निर्णयामागे व्यावसायिक आढावा आणि आयएसएलच्या भवितव्याविषयीची अनिश्चितता ही कारणे दिली. अनिश्चितता खरीच होती. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ (एआयएफएफ) आणि रिलायन्सशी संबंधित व्यावसायिक भागीदार यांच्यातील १५ वर्षांचा, सुमारे ७०० कोटी रुपयांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता. नूतनीकरणाचा तिढा न सुटल्याने जुलै २०२५ मध्ये लीग स्थगित झाली. बंगळूरु आणि चेन्नईयिनसारख्या क्लबांनी वेतन किंवा कामकाजच थांबवले. नव्या भागीदारासाठी महासंघाने निविदा काढली. त्यात वर्षाला किमान ३७.५ कोटी रुपये किंवा महसुलाच्या ५ टक्के अशी अट होती. ७ नोव्हेंबरच्या मुदतीपर्यंत एकही बोली आली नाही.

अखेर केंद्र सरकारने मध्यस्थी केली. क्रीडामंत्री मनसुख मांडविया यांनी ६ जानेवारी २०२६ रोजी सर्व १४ क्लबांसह हंगाम १४ फेब्रुवारीपासून खेळवण्याची घोषणा केली. स्पर्धेत प्रत्येक संघ दुसऱ्याशी एकदाच खेळणार, म्हणजे एकूण ९१ सामने.

रेलिगेशन म्हणजे काय? भारतात ते आतापर्यंत का नव्हते?

जगातील बहुतेक फुटबॉल देशांत तळाचे संघ हंगामाअखेरीस खालच्या लीगमध्ये जातात आणि खालचे अव्वल संघ वर येतात. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २० पैकी तळाचे तीन संघ खाली जातात. आयएसएलची रचना मात्र क्रिकेटमधील आयपीएलसारखी फ्रँचायझीची होती. मालकांनी फ्रँचायझी शुल्क भरून प्रवेश घेतला होता, त्यामुळे तळाला राहिले तरी जागा पक्की. २०२३-२४ मध्ये हैदराबाद एफसी आणि २०२४-२५ मध्ये मोहमेडन स्पोर्टिंग तळाला राहिले, पण दोघेही खाली गेले नाहीत.

वर येण्याचा दरवाजा मात्र उघडला होता. आय-लीग जिंकून २०२३ मध्ये पंजाबचा संघ आणि २०२४ मध्ये मोहमेडन आयएसएलमध्ये आले. खाली जाण्याचा दरवाजा सर्वोच्च न्यायालयाच्या १९ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने उघडला. न्यायालयाने मान्य केलेल्या महासंघाच्या घटनेनुसार देशातील सर्वोच्च लीगमध्ये बढती आणि घसरण ही दोन्ही तत्त्वे असायला हवीत. एखाद्या हंगामापुरती सवलत मिळाली तरी मूळ तत्त्व आता घटनेत आहे. त्यामुळे ‘यंदा नाही जमले, पुढच्या वर्षी बघू’ ही मालकांची सोय संपत चालली आहे.

छोट्या हंगामात धोका अधिक का?

याचे गणित साधे आहे. २०२४-२५ मध्ये १३ संघ होते आणि प्रत्येक जण २४ सामने खेळला, म्हणजे कमाल ७२ गुण उपलब्ध होते. १४ संघ एकदाच भिडले तर प्रत्येकाला १३ सामने आणि कमाल ३९ गुण मिळू शकतात. एका पराभवाचे वजन जवळपास दुप्पट होते. दोन प्रमुख खेळाडू महिनाभर जायबंदी झाले, तर २४ सामन्यांच्या हंगामात संघ सावरू शकतो. १३ सामन्यांत तेवढा वेळ मिळत नाही. अशा स्पर्धेत पहिल्या अकरा खेळाडूंइतकीच राखीव बाकही महत्त्वाची ठरते. तिथे खर्च करण्याची तयारी मालक दाखवतात का, हा चाहत्यांचा प्रश्न म्हणूनच रास्त आहे.

खाली गेलेल्या क्लबचे काय होते?

महाराष्ट्राचा अनुभव आश्वासक नाही. एस्सेल समूहाचा मुंबई एफसी २००७ मध्ये सुरू झाला आणि आय-लीगमध्ये खेळू लागला. २०१६-१७ मध्ये तो तळाला राहिला, खाली गेला आणि नंतर बंदच झाला. मुंबईचाच केंकरे एफसी २०२२-२३ मध्ये आय-लीगमधून दुसऱ्या श्रेणीत गेला.

घसरण न होताही क्लब संपल्याची उदाहरणे त्याहून जास्त आहेत. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. पुण्यात पिरामल समूहाचा पुणे एफसी, कल्याणी समूहाचा भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स असे क्लब एकामागोमाग गेले. आयएसएलमधील एफसी पुणे सिटीचा प्रवास तर बोलका आहे. २०१९ मध्ये तो बंद पडला आणि त्याच्या जागी हैदराबाद एफसी आला. हैदराबादने २०२१-२२ चे विजेतेपद मिळवले, पण पुढे आर्थिक संकटात सापडला. २०२४ मध्ये नवे मालक आले आणि २०२५ मध्ये संघ दिल्लीला हलून ‘स्पोर्टिंग क्लब दिल्ली’ झाला. पुण्याच्या चाहत्यांनी ज्या जागेसाठी टाळ्या वाजवल्या, ती जागा सहा वर्षांत दोन शहरे फिरून आली.

इंग्लंडमध्ये खाली जाणाऱ्या क्लबला ‘पॅराशूट पेमेंट’ मिळते. प्रसारण उत्पन्न एकदम आटून क्लब कोसळू नये म्हणून जास्तीत जास्त तीन वर्षे ठरावीक रक्कम दिली जाते. भारतात खालच्या लीगचे प्रसारण उत्पन्नच नगण्य आहे. त्यामुळे इथे एका श्रेणीची घसरण म्हणजे प्रायोजक, प्रेक्षक आणि खेळाडू हे सारे एकाच उन्हाळ्यात गमावण्याचा धोका.

पैसा ओतला तर घसरण टळते का?

कधी टळते, कधी नाही. टळल्याचे ठळक उदाहरण न्यूकॅसल युनायटेडचे. ऑक्टोबर २०२१ मध्ये सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीच्या नेतृत्वाखालील गटाने क्लब घेतला तेव्हा संघाला हंगामातील एकही विजय मिळालेला नव्हता आणि तो १९ व्या स्थानावर होता. नव्या मालकांनी आधी प्रशिक्षक बदलला आणि एडी हाऊ यांना आणले. मग जानेवारीच्या खिडकीत सुमारे नऊ कोटी पौंड खर्च केले. किएरन ट्रिपियर, ब्रुनो गिमारेस, डॅन बर्न आणि ख्रिस वुड आले. वुडला त्यांनी बर्नली या घसरणीच्या शर्यतीतील प्रतिस्पर्ध्याकडूनच उचलले. न्यूकॅसल ११ व्या क्रमांकावर राहिले, बर्नली खाली गेले.

उलट उदाहरण लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सचे. मलेशियाचे उद्योजक टोनी फर्नांडिस यांच्याकडे सूत्रे होती आणि लक्ष्मी मित्तल यांच्या कुटुंबाचाही हिस्सा होता. जानेवारी २०१३ मध्ये क्लबने घसरण टाळण्यासाठी क्रिस्तोफर साम्बा आणि लोईक रेमी यांच्यावर मोठी रक्कम लावली. हंगामाअखेरीस संघ तळालाच होता. मोठ्या पगाराचे करार मात्र पुढेही चालू राहिले.

दोन्हीकडे पैसा होता. न्यूकॅसलने आधी प्रशिक्षक निवडला आणि त्याच्या पद्धतीत बसणारे खेळाडू घेतले. क्यूपीआरने घाईत नावे गोळा केली.

पुण्याच्या मालकांचा ब्लॅकबर्नचा अनुभव काय सांगतो?

महाराष्ट्रातील वाचकाला हे उदाहरण सर्वांत जवळचे. कुक्कुटपालन उद्योगातील पुण्याच्या ‘वेंकीज’ समूहाने नोव्हेंबर २०१० मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स हा इंग्लिश क्लब सुमारे २.३ कोटी पौंडांत विकत घेतला. हा साधासुधा क्लब नव्हता. स्थानिक उद्योजक जॅक वॉकर यांच्या पैशावर १९९४-९५ मध्ये त्याने प्रीमियर लीग जिंकली होती. नव्या मालकांकडून चाहत्यांची अपेक्षा तशीच होती, की कोणीतरी येईल आणि खेळाडूंवर पैसे लावेल.

सुरुवातीच्या घोषणा मोठ्या होत्या. ब्राझीलच्या रोनाल्डिन्होला प्रस्ताव दिला गेला; तो फ्लामेंगोकडे गेला. पण खरा निर्णय आधीच झाला होता. ताबा घेतल्यानंतर महिन्याभरात, संघ १३ व्या स्थानावर असताना, अनुभवी प्रशिक्षक सॅम अलार्डाइस यांना काढण्यात आले. त्यांच्या जागी स्टीव्ह कीन आले. मुख्य प्रशिक्षकपदाचा त्यांना अनुभव नव्हता. पहिल्या हंगामात संघ शेवटच्या दिवशी वाचला. त्या उन्हाळ्यात तरुण बचावपटू फिल जोन्स मँचेस्टर युनायटेडला विकला गेला. ७ मे २०१२ रोजी घरच्या मैदानावर विगनकडून हरून ब्लॅकबर्न प्रीमियर लीगमधून बाहेर पडले. त्या सामन्यात निषेध म्हणून चाहत्यांनी मैदानात क्लबच्या झेंड्यात गुंडाळलेली कोंबडी सोडली. २०१७ मध्ये क्लब आणखी एक श्रेणी खाली, तिसऱ्या स्तरावर गेला. त्या वेळी नॉटिंगहॅम फॉरेस्टइतकेच ५१ गुण होते, पण गोलफरकाने घात केला. २०१८ मध्ये टोनी मोब्रे यांच्या प्रशिक्षणाखाली तो दुसऱ्या स्तरावर परतला.

इथे एक गोष्ट न्याय्यपणे सांगायला हवी. वेंकीजने पैसा लावलाच नाही, असे नाही. तोटा भरून काढत क्लब चालू ठेवण्यासाठी मालकांनी वर्षानुवर्षे घातलेली रक्कम २० कोटी पौंडांच्या पुढे गेली आहे. मालकांनी हात आखडता घेतला असता तर क्लबचे अस्तित्वच अडचणीत आले असते. पण हा पैसा बऱ्याच अंशी आधीच्या चुकांची किंमत भरण्यात गेला. सुरुवातीच्या अठरा महिन्यांत प्रशिक्षक आणि खेळाडू याबाबतचे निर्णय चुकले आणि त्यांचे ओझे पुढे दशकभर वाहावे लागले.

दुसरा धडा पैसा कुठून येतो याचा. भारतातील चौकशीमुळे पुढे वेंकीजला इंग्लंडमध्ये पैसे पाठवण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागू लागली. त्याच काळात फेब्रुवारी २०२४ मध्ये अॅडम व्हॉर्टन हा क्लबच्याच अकादमीत घडलेला मध्यरक्षक क्रिस्टल पॅलेसला विकण्यात आला. त्या हंगामात ब्लॅकबर्न शेवटच्या दिवशी लेस्टरला २-० असे हरवून वाचले. दोन्ही गोल सॅमी स्मोडिक्सचे. काही महिन्यांत तोही इप्सविचला विकला गेला. एकाच मालकाच्या खिशावर चालणारा क्लब त्या खिशाच्या अडचणींसह चालतो.

भारतात पैसा ओतायला किती वाव आहे?

युरोपइतका नाही. तिथे ‘तोट्याच्या मर्यादे’चे नियम आहेत. प्रीमियर लीगमध्ये २०२५-२६ हंगामापर्यंत तीन वर्षांत साधारणपणे १०.५ कोटी पौंडांपेक्षा जास्त तोटा करता येत नव्हता, दुसऱ्या स्तरावर ही मर्यादा ३.९ कोटींची. भारतात आयएसएलने खेळाडूंच्या एकूण वेतनावरच मर्यादा घातली होती. काही हंगामांपूर्वी ती प्रत्येक संघासाठी १६.५ कोटी रुपये होती. परदेशी खेळाडूंची नोंदणी सहांपुरती आणि एका वेळी मैदानात चार, असाही नियम राहिला. म्हणजे सामन्यातील अकरांपैकी किमान सात भारतीय. चांगल्या भारतीय खेळाडूंची संख्या मर्यादित, त्यामुळे त्यांच्यासाठीच खरी चढाओढ होते.

म्हणून भारतात प्रशिक्षक आणि युवा संघ यांवरचा खर्च परदेशी ताऱ्यांवरील खर्चापेक्षा जास्त परतावा देऊ शकतो. याचे सर्वांत सुंदर उदाहरण खालिद जमील यांचे. ते अनेक वर्षे मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते आणि मर्यादित साधनांत त्यांनी संघाला वरच्या श्रेणीत टिकवले. २०१६ मध्ये ते बाहेर पडले आणि मिझोरामच्या आयझॉल एफसीकडे गेले. आयझॉल आदल्या हंगामात खाली घसरलेला होता. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्याने त्याला जागा परत मिळाली होती. त्याच आयझॉलने २०१६-१७ ची आय-लीग जिंकली. आणि त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला राहून खाली गेला. एका माणसाच्या जाण्याने सारे घडले असे म्हणता येणार नाही, पण क्लबने कोणाला सांभाळायला हवे होते, हे त्या गुणतक्त्याने सांगितले. जमील ऑगस्ट २०२५ पासून भारतीय संघाचे प्रशिक्षक आहेत.

वसई-विरारशी याचा संबंध काय?

क्रिकेटमध्ये विरारच्या पृथ्वी शॉसमोर वाट स्पष्ट होती. पहाटेची लोकल, मुंबईतील मैदान, शालेय स्पर्धा, मुंबईचा रणजी संघ, मग भारत. फुटबॉलमध्ये अशी वाट अजून पक्की नाही. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील गावांत फुटबॉल पिढ्यान्‌पिढ्या खेळला जातो. पालिका क्षेत्राची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच १२ लाखांच्या वर होती. पण इथल्या मुलाला व्यावसायिक करारापर्यंत नेणारा सर्वांत जवळचा अव्वल श्रेणीचा क्लब आजही अंधेरीत, विरारहून सुमारे ३८ किलोमीटरवर आहे. राज्यातून आयएसएल खेळणारा दुसरा क्लब नाही.

त्यामुळे मुंबई सिटीची घसरण ही फक्त ‘वेस्ट कोस्ट ब्रिगेड’सारख्या चाहतेगटाच्या भावनेची गोष्ट राहत नाही. वरच्या श्रेणीत खेळण्यासाठीच्या परवाना निकषांत क्लबला युवा संघ चालवावे लागतात. क्लब आकसला की पहिली कात्री बहुतेक वेळा तिथेच लागते. पहिल्या संघातील एक परदेशी खेळाडू कमी झाला तर ते लगेच दिसते. पंधरा वर्षांखालील संघाचा एक प्रशिक्षक कमी झाला तर ते पाच वर्षांनी कळते.

चाहत्यांनी आता कशाकडे पाहावे?

पहिली गोष्ट, करार. लालियानझुआला छांगतेसारखे प्रमुख भारतीय खेळाडू किती वर्षांसाठी बांधले जातात, यावरून मालकांचा पल्ला कळतो. एका हंगामाचे करार म्हणजे मालकही वाट पाहत आहेत.

दुसरी गोष्ट, प्रशिक्षक आणि क्रीडा संचालक. सिटी फुटबॉल ग्रुपकडे खेळाडू शोधण्याचे आणि त्यांचे आकडे तपासण्याचे जागतिक जाळे होते. ते गेल्यावर हे काम कोण करणार, हा ‘किती कोटी खर्च करणार’ यापेक्षा मोठा प्रश्न आहे.

तिसरी गोष्ट, नवा गुंतवणूकदार. संस्थापक मालकांनी पुढे कोणाला सोबत घेतले, तर त्याच्या नावापेक्षा त्याने किती वर्षांची हमी दिली आणि पैसा कर्ज म्हणून दिला की भांडवल म्हणून, हे पाहावे. कर्ज म्हणून आलेला पैसा मालक निघून जाताना परत मागू शकतो.

चौथी गोष्ट, लीगचा करार. एआयएफएफला दीर्घकालीन व्यावसायिक भागीदार मिळाला नाही, तर कोणत्याही क्लबचा मालक पुढच्या हंगामापलीकडचा अर्थसंकल्प आखू शकणार नाही. जागतिक समूहाने ज्या कारणासाठी मुंबई सोडली, ते कारण मालक बदलल्याने नाहीसे झालेले नाही.

आणि शेवटी प्रेक्षकसंख्या. प्रसारणाचा पैसा आटलेल्या लीगमध्ये तिकीट, जर्सी आणि स्थानिक प्रायोजक यांचे वजन वाढते. चाहत्यांनी मालकांकडे हिशेब मागायलाच हवा, पण मालक आणि प्रायोजकही भरलेल्या गॅलरीकडे पाहूनच आपला हिशेब मांडतात.